राणीच्या बागेतील पेंग्विन

उत्तनच्या किनाऱ्याला होड्या लागल्या, की कोळणी ओले बोंबील जोडीजोडीने बांबूंच्या आडव्या काठ्यांवर वाळत घालू लागतात. मीरा-भाईंदरच्या मुलांना हे दृश्य परिचयाचे आहे. परंतु हीच मासळी भायखळ्याला एक परदेशी पक्षी आवडीने खातो, हे त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असेल. भाईंदरहून लोकलने दादरला यावे आणि तेथे गाडी बदलून भायखळ्यास उतरावे. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान तेथून जवळच आहे. १८६२ साली खुल्या झालेल्या या उद्यानास लोक आजही राणीची बागच म्हणतात.

२०१६ च्या जुलै महिन्यात दक्षिण कोरियातील सेऊल शहरातून येथे आठ पेंग्विन आणण्यात आले. ते हम्बोल्ट जातीचे होते. पेंग्विन म्हटला की बर्फाचे डोंगर डोळ्यांपुढे येतात. परंतु या जातीला बर्फ माहीतच नाही. तिचे घर पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यावर आहे. तो किनारा वाळवंटासारखा कोरडा आहे. मात्र त्याच्या लगत समुद्रातून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो आणि त्यात मासळी विपुल असते. मुंबईची उष्ण, दमट हवा अशा पक्ष्यास सोसणारी नव्हे. म्हणून काचेआड एक गार दालन उभारून त्यात त्यांना ठेवण्यात आले.

सुमारे दोन फूट उंचीचा हा पक्षी एकट्याने राहणारा नाही. त्याची वसाहत असते. वसाहतीत भांडणे होतात, घरट्याच्या जागेवरून चोची चालतात आणि गाढवाच्या ओरडण्यासारखे कर्कश आवाज उठतात. नर व मादी यांची जोडी जमली, की ती सहसा वर्षानुवर्षे टिकते. दोघे मान उंचावून परस्परांस साद घालतात, चोचीने एकमेकांची पिसे साफ करतात आणि अंडी घातल्यावर सुमारे चाळीस दिवस आळीपाळीने ती उबवतात. छातीवरील काळ्या ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची निराळी असते. रोजच्या सहवासाने रखवालदार त्यांस स्वभावावरूनही ओळखू लागतो. कोण धीट, कोण भित्रा, कोण दुसऱ्याच्या तोंडचा मासा पळवणारा, हे त्याला सांगावे लागत नाही.

ही ओळख केवळ कौतुकाची नव्हे. आजारी पक्षी आपले दुखणे शक्य तितके लपवतो, कारण रानात दुर्बळावर शत्रूची नजर आधी जाते. त्याने आज नेहमीपेक्षा एक मासा कमी खाल्ला, एवढीच काय ती खूण! म्हणून मासे हाताने भरवतात आणि कोणी किती खाल्ले ते टिपून ठेवतात. गोठवून ठेवलेल्या मासळीतील काही जीवनसत्त्वे नाश पावतात, तेव्हा गोळी माशाच्या कल्ल्यात दडवून देतात. पक्षी मासा डोक्याकडून गिळतो. गोळी त्याच्या ध्यानातही येत नाही. कठीण जमिनीवर सतत उभे राहिल्याने तळपायांस जखमा होतात, म्हणून पायही पाहावे लागतात. वर्षातून एकदा सर्व पिसे गळून नवी येतात. त्या दोन-तीन आठवड्यांत पक्षी पाण्यात उतरत नाही व काही खातही नाही. नवखा माणूस घाबरून जाईल. जाणता मात्र तत्पूर्वीच त्याला भरपूर खाऊ घालून ठेवतो.

एवढे करूनही दुःखाचे प्रसंग टळले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात आठांपैकी एक मादी जंतुसंसर्गाने दगावली. दूरदेशीचा पक्षी येथे आणावाच का, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला आणि तो प्रश्न गैर नव्हता. उरलेले सात पक्षी मात्र एकत्र होते, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

कारण कळपात राहणाऱ्या प्राण्यास नुसते अन्न आणि निवारा पुरत नाही. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात पोलो नावाचा एक गोरिला होता. तो १९९५ साली डब्लिनहून आला होता. रानात गोरिलांचे कुटुंब असते: पाठीवर रुपेरी केस आलेला प्रौढ नर, त्याच्या भोवती माद्या आणि अंगाखांद्यावर खेळणारी पिल्ले. पोलोला खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण सोबतीला स्वजातीचा कोणी नव्हता. २०१४ मध्ये तो मरण पावला, तेव्हा साऱ्या भारतात तो एकच गोरिला होता. पुढे २०२१ मध्ये जर्मनीहून तेथे पुन्हा गोरिला आणले, ते थाबो आणि डेम्बा असे दोन.

राणीच्या बागेत फ्लिपर ही मादी व मोल्ट हा नर यांची जोडी जमली. मोल्ट वयाने तिच्याहून लहान. १५ ऑगस्ट २०१८ रोजी त्यांच्या घरट्यात पहिले पिल्लू अंड्याबाहेर आले, पण जन्मजात दोषांमुळे ते आठवडाभरातच गेले. २०२१ च्या मे महिन्यात डोनाल्ड व डेझी यांच्या घरट्यात पिल्लू झाले आणि १९ ऑगस्टला फ्लिपर व मोल्ट यांचे दुसरे पिल्लू जन्मले. ते जगले. अशा पिल्लाच्या अंगावर प्रथम राखाडी लव असते आणि ती पाण्यात भिजते, म्हणून त्याला पोहता येत नाही. आईबाप स्वतः मासे खातात आणि ते अर्धवट पचले, की चोचीतून त्याच्या चोचीत घालतात.