चरित्रलेख : पदांची यादी आणि जीवनसूत्र

कळव्याचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. २०२१ मध्ये या विद्यापीठाच्या कुलगुरुपदी लेफ्टनंट जनरल (निवृत्त) डॉ. माधुरी कानिटकर रुजू झाल्या. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या व पुढे तेथेच अधिष्ठाता झाल्या. २०२० मध्ये त्या लेफ्टनंट जनरल झाल्या. भारतीय सशस्त्र दलांत या दर्जाला पोहोचलेल्या त्या तिसऱ्या महिला.

एवढ्याने चरित्र पूर्ण होते काय? सैन्यात आज्ञा चालते, विद्यापीठात मतभेदालाही स्थान असते. हे अंतर जोडणारे सूत्र चरित्रकाराने शोधावयाचे असते. येथे ते अध्यापनात सापडते : गणवेशातही त्या बालरोगशास्त्राच्या शिक्षिका होत्या. केवळ गौरवपर विशेषणे हे सूत्र दाखवू शकत नाहीत.

स्वाध्याय : परिचित व्यक्तीचे जीवनसूत्र एका प्रसंगाच्या आधारे लिहा.