टपालघरावरचा दख्खनी घुमट

अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, निजामशाहीतील राजकन्या चांदबिबी ही विजापूरच्या अली आदिलशहास दिलेली होती. या दरबारांच्या आश्रयाने बहरलेली दख्खनी वास्तुशैली पुढे मुंबईत पुन्हा प्रकट झाली. ती मशिदीत किंवा मकबऱ्यात नव्हे, तर टपाल कचेरीत, हे विशेष होय.

मुंबईची त्यापूर्वीची कचेरी मात्र अस्सल व्हिक्टोरिया राणीच्या काळातील. सिंधचे कमिशनर असताना सर बार्टल फ्रिअर यांनी १८५२ मध्ये तेथे ‘सिंध डाक’ हे आशियातील पहिले चिकटवावयाचे तिकीट काढले. पुढे मुंबईचे गव्हर्नर म्हणून त्यांच्याच कारकीर्दीत कोटाची तटबंदी पाडण्यात आली आणि मोकळ्या झालेल्या परिसरात भव्य सरकारी इमारती उठू लागल्या. फ्लोरा फाउंटनजवळची, ट्रबशॉ यांच्या आराखड्यानुसार १८७२ मध्ये पूर्ण झालेली मध्ययुगीन इटालियन वळणाची टपाल कचेरी ही त्यांपैकीच एक.

टपालाचा व्याप मात्र इमारतीपेक्षा वेगाने वाढला. १८५४ पासून पाव तोळ्याच्या पत्रास, ते नगरला जावो की कलकत्त्यास, अर्धा आणाच पडे. १८७८ मध्ये दौंड–मनमाड लोहमार्गाने नगर आगगाडीशी जोडले गेले. १८८० मध्ये टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि गिरणीत राबणाऱ्या माणसाचा पैसा त्याच्या गावी घरपोच जाऊ लागला. घरी चूल पेटण्याचा प्रश्न कित्येकदा त्या पावतीवर अवलंबून असे.

नव्या कचेरीचे काम १९०४ मध्ये सुरू होऊन १९१३ मध्ये संपले. खर्च आला १८ लाख ९ हजार रुपये. वास्तुविशारद जॉन बेग यांनी विजापूरच्या गोल घुमटाचा आदर्श समोर ठेवला, तर त्यांचे सहायक जॉर्ज विटेट यांनी कामावर देखरेख केली. स्थानिक काळ्या दगडाच्या भिंतींना कुर्ल्याच्या पिवळ्या आणि ध्रांगध्राच्या पांढऱ्या दगडाची जोड दिली आहे. विजापूरच्या घुमटाखाली महंमद आदिलशहाची कबर आहे. येथील घुमटाखालच्या गोलाकार दालनात खिडक्यांपुढे तिकिटांसाठी सामान्यांची रांग लागते. उसना आकार इतक्या समर्पकपणे नव्या कामी आल्याची उदाहरणे थोडीच.

जुन्या इमारतीत पुढे तार कचेरी आली. सुखदुःखाच्या तातडीच्या वार्ता तेथून गेल्या, त्या जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद होईपर्यंत.