सशाचा आहार आणि निगा
सशाचे दात आयुष्यभर वाढत असतात. गवत सतत चावल्याने त्यांची झीज होते. म्हणून पाळीव सशापुढे वाळलेले गवत दिवसरात्र असावे. गाजर हे त्याचे मुख्य अन्न, ही समजूत चुकीची आहे. त्यात साखर असल्याने ते थोडेच द्यावे. ससा उंडुकातून आलेल्या मऊ लेंड्या पुन्हा खातो. तो रोग नव्हे. त्यांतून त्याला प्रथिने व जीवनसत्त्वे मिळतात. उन्हाळ्यात पिंजरा सावलीत, हवेशीर जागी ठेवावा आणि पाणी सदैव भरलेले असावे. दुखणे लपविणे हा सशाचा स्वभाव आहे. त्यामुळे 12 तास त्याने गवताला तोंड लावले नाही, तर आतड्यांची हालचाल मंदावल्याची शंका घेऊन त्याला तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. विलंब त्याच्या जिवावर बेतू शकतो.