कॅमेरा आणि संपादनाचे सॉफ्टवेअर यांची जुळणी

आदर्श पाठ, शालेय उपक्रम आणि गावातील वृद्धांच्या तोंडचे मौखिक साहित्य यांचे चित्रीकरण करण्याची प्रथा आता आपल्या शाळांत रूढ होत आहे. ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु चित्रीकरण झाले म्हणजे काम संपले, हा समज बरोबर नव्हे. टिपलेले चित्र संगणकावर उघडलेच नाही, अडखळत चालले किंवा आवाज ओठांच्या मागे पडू लागला, तर सारे श्रम कपाटात पडून राहतात. वर्गातील पाठ पुन्हा घेता येईल. जात्यावरच्या ओव्या सांगणारी आजी पुन्हा भेटेलच असे नाही. म्हणून कॅमेरा व सॉफ्टवेअर यांची जुळणी चित्रीकरणापूर्वीच कशी पाहावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. वेष्टन आणि आतील बांधणी

फाइलच्या नावाअखेर ‘एमपी४’ किंवा ‘एमओव्ही’ असे लिहिलेले असते. हे केवळ वेष्टन होय. आतील चित्र कोणत्या पद्धतीने बांधले आहे, हे त्यावरून कळत नाही. आजच्या कॅमेऱ्यांत व मोबाइलमध्ये मुख्यतः दोन पद्धती आढळतात. एच.२६४ ही पद्धत २००३ मध्ये, तर एच.२६५ म्हणजेच एचईव्हीसी ही २०१३ मध्ये प्रमाण ठरली. नवी पद्धत तशाच चित्रासाठी बरीच कमी जागा घेते. पण ते उलगडताना संगणकास अधिक श्रम पडतात. विंडोज असलेल्या अनेक संगणकांवर तिच्यासाठी निराळी पुरवणी घालावी लागते. सबब शाळेचा संगणक जुना असेल, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.२६४ निवडावे. आयफोनमध्ये याच निवडीस ‘मोस्ट कम्पॅटिबल’ असे नाव आहे.

२. चित्र का अडखळते?

समजा, आपण फळ्यावर एक पूर्ण चित्र काढले आणि पुढे दर क्षणी केवळ बदललेला भाग पुसून नव्याने काढीत गेलो. या पद्धतीत खडू कमी लागेल. परंतु ‘विसाव्या क्षणी चित्र कसे होते?’ असे कोणी विचारल्यास आरंभापासून सर्व बदल पुन्हा करीत यावे लागेल. वरील दोन्ही पद्धतींत बहुधा असेच घडते. पाहताना चित्र क्रमाने येते, म्हणून अडचण जाणवत नाही. संपादनात मात्र आपण मध्येच कोठेही थांबतो व कापतो. तेव्हा संगणकाची दमछाक होते. यावर उपाय असा की, संपादनापुरत्या लहान आकाराच्या हलक्या प्रती तयार कराव्यात व अखेरची फिल्म मूळ फाइलींवरूनच काढावी. शॉटकट व केडेनलाइव्ह या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये ही सोय ‘प्रॉक्सी’ या नावाने आहे.

३. गती आणि आवाज

कॅमेरा एका सेकंदास २५ किंवा ३० चित्रे घेतो. आपल्याकडील विजेची कंपनसंख्या ५० असल्याने, जुन्या ट्यूबलाइटच्या उजेडात ३० च्या गतीने घेतलेले चित्र पुष्कळदा लुकलुकते. वर्गात २५ ची गती व सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा शटर ठेवावा. दोन कॅमेरे वापरावयाचे असतील, तर दोहोंची गती एकच ठेवावी. मोबाइलची गती उजेडाप्रमाणे कमीअधिक होत असते. त्यामुळे काही सॉफ्टवेअरमध्ये आवाज हळूहळू मागेपुढे सरकतो. अशा फाइलचे प्रथम स्थिर गतीत रूपांतर करून मगच ती कापावयास घ्यावी.

४. जागेचा हिशेब आणि प्रत

सेकंदास १७ मेगाबिट या वेगाने नोंद होत असेल, तर मिनिटास सुमारे १२८ मेगाबाइट लागतात. म्हणजे ४० मिनिटांच्या तासिकेस सुमारे ५ गिगाबाइट. फॅट३२ पद्धतीच्या कार्डावर एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा एकाच पाठाचे दोन तुकडे करतो. त्यांतील एक हाती लागला म्हणजे पाठ आला, असे समजू नये. विशेषतः २००६ मध्ये आलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीच्या कॅमेऱ्यांत सुट्या फाइली उचलू नयेत. कार्डावरील संपूर्ण फोल्डर जसेच्या तसे उतरवावे.

५. जुन्या फिती

१९९५ पासून प्रचारात आलेल्या मिनीडीव्ही फिती काही शाळांतून अद्याप असतील. तासाभराच्या फितीतील मजकूर सुमारे १३ गिगाबाइट भरतो. तो उतरवण्यास चालू स्थितीतील कॅमेरा आणि फायरवायर नावाची जोडणी लागते. अशा बहुतेक कॅमेऱ्यांची यूएसबी जोडणी या कामी पुरी पडत नाही. नव्या संगणकांत फायरवायर सहसा मिळत नाही. फीतही वयोमानाने खराब होते. तेव्हा हे काम पुढील वर्षावर ढकलू नये.

६. एका मिनिटाची कसोटी

वरील सर्व नियमांचे सार एका कृतीत आहे. खरेदीपूर्वी अथवा महत्त्वाच्या चित्रीकरणापूर्वी पुढील क्रम पार पाडावा :

(अ) ज्या कॅमेऱ्याने व ज्या सेटिंगवर काम करावयाचे, त्यानेच बोलत्या व्यक्तीचे एक मिनिट चित्रीकरण करावे.
(आ) ते शाळेच्याच संगणकावर उतरवावे.
(इ) सॉफ्टवेअरमध्ये उघडून दोन ठिकाणी कापावे व एक शीर्षक द्यावे. शीर्षक मराठीत द्यावे, म्हणजे जोडाक्षरे नीट उमटतात की नाही हेही कळेल.
(ई) तयार फिल्म काढून ती दुसऱ्या संगणकावर व मोबाइलवर पाहावी. ओठ व आवाज यांचा मेळ तपासावा.

एक मिनिट सहज पार पडले, तर दहा मिनिटांचे चित्रीकरण करून पुन्हा पाहावे. कारण आवाजाचे सरकणे लहान तुकड्यात ध्यानात येत नाही. कसोटी उतरलेली सेटिंग कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवावी. नवा शिक्षक आला तरी त्यास पुन्हा चाचपडावे लागणार नाही.

स्वाध्याय : आपल्या शाळेतील कॅमेरा किंवा मोबाइल कोणत्या पद्धतीने व कोणत्या गतीने नोंद करतो, हे शोधून काढावे. वरील कसोटी घेऊन तिचा निष्कर्ष पुढील केंद्रसंमेलनात मांडावा.