प्रोटीन पावडर, दुग्धशर्करा आणि अग्निविचार

आध्मान, आटोप व द्रवमलप्रवृत्ती घेऊन येणारा व्यायामप्रिय तरुण आपल्या आहारवृत्तात प्रोटीन पावडरीचा उल्लेख बहुधा करीत नाही. तो तिला आहारही समजत नाही आणि औषधही नाही. म्हणून विचारल्याखेरीज सांगत नाही. आमच्याकडे आलेल्या अशा एका रुग्णास अन्यत्र ग्रहणी समजून दोन महिने पर्पटी दिली गेली होती, तीही दुधाच्या अनुपानासह. व्यायामानंतर दुधात कालवलेली पावडर मात्र अखंड चालू होती. निदानपरिवर्जनच घडले नाही, तेथे कल्पाला यश कसे यावे?

प्रचलित पावडरी प्रामुख्याने ‘व्हे’च्या, म्हणजे दूध फाटल्यावर वेगळ्या होणाऱ्या पाण्यातील प्रथिनांच्या असतात. त्या पाण्याबरोबर दुग्धशर्करा, म्हणजेच लॅक्टोज, येते. ‘कॉन्सन्ट्रेट’ प्रकारात ८० टक्के प्रथिन असेल तर १०० ग्रॅममागे साधारण ४ ते ८ ग्रॅम लॅक्टोज असते. ‘आयसोलेट’मध्ये ते बहुधा १ ग्रॅमच्या आत असते. ही शर्करा पचविणारे लॅक्टेज आपल्याकडील बहुसंख्य लोकांत बालपणानंतर उणावते. न पचलेली शर्करा आतड्यात पाणी ओढून घेते व मोठ्या आतड्यातील जंतू तिचा वायू करतात. अर्ध्या तासापासून काही तासांत लक्षणे प्रकट होतात.

येथे थोडे गणित करावे. ३० ग्रॅम कॉन्सन्ट्रेटमधून १ ते २.५ ग्रॅम लॅक्टोज पोटात जाते. २५० मिलि दुधातून मात्र सुमारे १२ ग्रॅम. दोष डब्यावर येतो, शर्करा मात्र पेल्यातील दुधाची असते! शिवाय लॅक्टेज उणे असणाऱ्यांपैकीही अनेकांना एका वेळी १२ ग्रॅम, विशेषतः अन्नाबरोबर, सोसते. म्हणून पाण्यातून घेतलेल्या एका मात्रेनेही त्रास होत असेल, तर केवळ लॅक्टोजवर थांबू नये. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल यांसारखी मधुरके, इन्युलिन, घट्टपणासाठीचे डिंक, आणि अर्थातच अतिमात्रा व मंदाग्नी यांचाही विचार करावा. काही पावडरींत स्निग्धांशरहित दूधभुकटीच मुख्य घटक असते व तिचा जवळजवळ निम्मा भाग लॅक्टोज असतो. वेष्टनावर घटक उतरत्या प्रमाणाने छापलेले असतात. पहिली तीन नावे औषधी दुकानदार बंधूंनी ग्राहकास वाचून दाखविली तरी पुष्कळ काम होईल.

निर्णयासाठी उपशयानुपशय हेच सुलभ साधन. आठ दिवस पावडर व दूध दोन्ही बंद ठेवावे. लक्षणे शमल्यास अर्धी मात्रा पाण्यातून द्यावी. काही दिवसांनी पावडर वगळून नुसते दूध द्यावे. दुधाने त्रास व ताज्या ताकाने नाही, असे आढळल्यास संशय बळावतो. चरकांनी ग्रहणीचिकित्सेत तक्राला दीपन, ग्राही व लघु म्हणून अग्रस्थान दिले. विरजणाने काही शर्करा घटते व त्यातील जिवंत जंतू उरलेली पचविण्यास साहाय्य करतात, हे आजचे ज्ञान त्यास पूरकच आहे. नुकताच अतिसार होऊन गेलेल्या रुग्णात ही असहिष्णुता तात्पुरतीही असते. त्यास आयुष्यभराचे दुग्धवर्ज्य सांगण्याची घाई करू नये.

लॅक्टोज ठरल्यास पाण्यातून आयसोलेट, अथवा मूग, चण्याचे सातू, अंडी असे सात्म्यानुसार पर्याय द्यावेत. मंदाग्नी ठरल्यास मात्रा विभागावी, भूक लागल्यावरच द्यावी आणि प्रथम ग्रासाबरोबर घृतासह हिंग्वाष्टक चूर्ण योजावे. मुळात गरज किती, हेही पाहावे. २०२० च्या आयसीएमआर शिफारशीनुसार निरोगी प्रौढास प्रतिकिलो ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलो वजनास सुमारे ५० ग्रॅम, प्रथिन दिवसास पुरते. व्यायामाने गरज वाढते, परंतु डब्यावरील चमच्याच्या आकाराने ती ठरत नाही. वृक्कविकार असलेल्यास तर तपासणीवाचून पावडर देऊच नये.

शतावरी कल्प किंवा अश्वगंधा आपणही दुधातूनच देतो. ‘कल्प मानवत नाही’ म्हणणाऱ्या रुग्णास एकदा अनुपान बदलून पाहावे.

शीतपित्त, ओठांची सूज वा श्वासकष्ट झाल्यास ती दुग्धप्रथिनांची ॲलर्जी असू शकते; तेथे आयसोलेटही वर्ज्य, कारण त्यात तेच प्रथिन अधिक असते. सरक्त मल, पांडुता, वजन घटणे किंवा झोपेतून उठविणारा अतिसार असल्यास वरील प्रयोगात वेळ न दवडता रुग्णास तत्काळ पुढील तपासणीस पाठवावे.