आपण फळी धरूया

तुमच्यापाशी मन मोकळं करायचंय. गोष्ट साधीच, पण अजून माझ्या मनात टोचते.

नेरूळच्या आमच्या घरात, बाल्कनीतल्या कपड्यांच्या दोरीखाली, आम्ही मायलेकी एक बैठं टेबल करत होतो. मांडी घालून चित्रं काढता येतील एवढंच. दीड फूट लांब, एक फूट रुंद, दहा इंच उंच. वखारीतून पाइनची फळी आणि पायांसाठी चौकोनी पट्टी आणली. माझ्या बाबांची जुनी करवत, गुण्या आणि गिरमिट माळ्यावरून काढलं. लेक नऊ वर्षांची. शाळेतून आली की दप्तर टाकून थेट बाल्कनीत.

चौथा पाय तिनं सगळा स्वतः कापला. तो पाव इंच आखूड झाला. मला वाटलं, एवढी राबलीये पोर, उद्या टेबल डुगडुगलं तर हिरमुसेल. ती झोपल्यावर मी तो पाय काढला आणि नवा कापून बसवला.

सकाळी तिनं त्या पायावर आपली पेन्सिलची खूण शोधली. "हा माझा नाहीये," एवढंच म्हणाली. पुढचे आठ दिवस बाल्कनीत फिरकली नाही.

आपण सगळेच असं करतो, नाही का? हार्बर लाइनच्या गर्दीत उभ्यानं घरी यायचं, कुकर लावायचा, उद्याच्या डब्याची भाजी निवडायची. तेवढ्यात मूल कागद कापताना अडतं आणि कात्री आपसूक आपल्या हातात येते. शाळेच्या प्रोजेक्टचा पुठ्ठा आपण चिकटवतो, नाव मुलाचं लिहितो. हेतू चांगलाच असतो. पोटात भीतीही असते, हात कापला तर? इतरांच्या मागे पडलं तर? मुलाला मात्र एवढंच कळतं की आपलं केलेलं आईला चाललं नाही.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथं मुलं प्रत्यक्ष काम करता करता शिकतात. मला ते ठाऊक होतं, कौतुकही होतं. पण घरच्या बाल्कनीत पाव इंचाची चूक मला सोसली नाही.

शेवटी तिच्याजवळ बसून म्हटलं, "चुकलं माझं. तुझा पाय मी टाकून दिलेला नाही." तिनं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि स्वतःच स्क्रू आवळून परत लावला. टेबल अर्थातच डुगडुगलं. मी हात मांडीखाली दाबून बसले, खरंच सांगते.

तिनं आखूड पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारले. एक, दोन, तीन. टेबल हलायचं थांबलं. थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "आई, म्हणजे बाकीचे तिघे एवढेच जास्त आहेत!"

तुम्हीही एखाद्या रविवारी करून बघा. सगळं एका दिवसात उरकायला नको. एक दिवस मापं घ्यायला, एक दिवस कापायला. करवत पहिल्यांदा दोन-तीनदा मागे ओढून खाच पाडायची, म्हणजे ती घसरत नाही. स्क्रूच्या आधी गिरमिटानं बारीक भोक पाडायचं, नाहीतर लाकूड तडकतं. पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच फिरवायचा. जोडांना फेविकॉल लावलात तर रात्रभर हलवू नका. आणि धारेचं हत्यार मुलाच्या हातात असेल तेव्हा फोन आत ठेवून तिथंच बसा.

वेळ खूप जातो, हे कबूल. आमचा एक पाय कापायला पाऊण तास लागला. पण त्या पाऊण तासात तिनं मैत्रिणीशी झालेलं भांडण सांगितलं. "आज शाळेत काय झालं?" विचारल्यावर एरवी "काही नाही" एवढंच ऐकू येतं.

पुठ्ठे सारले त्याच संध्याकाळी तिनं बाकीचे तिन्ही पाय काढले, पुठ्ठ्याच्या जाडीएवढ्या खुणा केल्या आणि एकेक कापला. टेबल पाव इंचानं बुटकं झालं, पण चारही पाय टेकले. करवत तिच्या हातात होती. मी लाकूड घट्ट धरून बसले होते. आपलं काम बहुधा तेवढंच असतं.