साडेतीनशे की चारशे?

प्रश्न : सध्या १२५ सीसीची गाडी आहे. रोज पुण्यात ऑफिस, महिन्यातून एकदा कोल्हापूर. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० घेऊ की ट्रायम्फ स्पीड ४००?

उत्तर : तुमच्या वापराला स्पीड अधिक जुळते. क्लासिक १९५ किलोची आणि जेमतेम २० अश्वशक्तीची. स्पीड तिच्याहून हलकी, तरी ताकद ४० अश्वशक्ती. महामार्गावर ट्रक ओलांडताना हा फरक लगेच कळतो. सव्वाशेवरून आलेल्याला एवढी ताकद झेपेल का, ही शंका रास्त आहे; पण ताकद मुठीत असते, पिळाल तेवढीच मिळते. वजन मात्र पार्किंगमध्ये गाडी मागे ढकलतानाही तेवढंच. (शोरूममध्ये हे करून बघाच.) क्लासिकची खरी बाजू वेगळी : तिचा २७ न्यूटन-मीटर टॉर्क ४,००० आरपीएमलाच हाती येतो, स्पीडचा ३७.५ मिळायला ६,५०० लागतात. त्यामुळे सिग्नलच्या गर्दीत क्लासिक निवांत चालते, गिअरची खटपट कमी. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के, त्याहून मोठ्यांवर ४०. तो भुर्दंड आहेच. कोल्हापूर वगळलंत, तर मी क्लासिकच सुचवली असती.